खिडकीतून केलेली वजनं

दशांशराव रोज सकाळी चाळीस आजारी माणसं वाचत. ही माणसं जगात नव्हती. वारली होती असं नाही. ती मुळात जन्मलीच नव्हती. कुणाला मधुमेह, कुणाला गुडघेदुखी, एकाला तिसऱ्यांदा कावीळ, पण घर विचाराल तर संगणकाच्या पोटात. असा पेशंट खऱ्या जगात असू शकेल का, एवढंच दशांशरावांनी प्रत्येकाच्या कागदाखाली पेन्सिलने लिहायचं होतं. ‘असेल’ किंवा ‘नसेल’.

एक शब्द पुरे, असं त्यांना सांगितलं होतं. पण एकतीस वर्षं इस्पितळात काढलेल्या माणसाला एका शब्दात थांबणं जमत नाही. ‘नसेल. पोटदुखीला सहा वेळा आला आणि एकदाही बायको बरोबर नाही.’ ‘नसेल. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला आहे.’ ‘असेल. सिगारेट ओढत नाही म्हणतो, खोकला मात्र सकाळचा.’ ‘नसेल. वय ६१, गरोदर. दोन्हीपैकी एक तपासा.’ हे कागद ऑफिसात हातोहात फिरत आणि शेवटी चहाच्या मशीनशेजारी चिकटवले जात.

ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. अकरा माणसं, एक काचेची खोली आणि बाहेर एक काउंटर. इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना ते चालवून बघायला पेशंटच्या नोंदी लागतात. खऱ्या नोंदी कुणी देत नाही. कुणाची मूळव्याध कुणाला कशाला दाखवायची? म्हणून ही कंपनी खोट्या नोंदी तयार करून देई. त्यासाठी एका मोठ्या इस्पितळाच्या बारा वर्षांच्या नोंदी, नावं-पत्ते खरवडून काढलेल्या, एकदा सॉफ्टवेअरला वाचायला दिल्या होत्या. माणसं कशी आजारी पडतात हे त्यातून सॉफ्टवेअर शिकलं आणि स्वतःची नवी माणसं पाडू लागलं. मूळ नोंदी करारानुसार परत गेल्या. इस्पितळ कोणतं, हे करारात गुप्त होतं.

दशांशराव हे अर्थात टोपणनाव. ते इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसत. येईल त्याचं नाव, वय आणि वजन लिहायचं, मग कागद डॉक्टरांकडे. बाकीच्या इस्पितळांतले कारकून ६३ लिहून मोकळे होत; हे ६३.४ लिहीत. एका डॉक्टरांनी कौतुकाने ‘दशांशराव’ म्हटलं आणि ते चिकटलं. निवृत्तीच्या दिवशी ‘अचूक नोंदींबद्दल’ असं प्रमाणपत्र फ्रेम करून मिळालं. घरी बसून चार महिन्यांत कंटाळले. कंपनीला ‘जुना, जाणकार माणूस’ हवा होता. जुने तर ते होतेच.

“घरच्या माणसाने गोळी घेतली का, हे विचारायला यांना सवड नाही,” त्यांची बायको शेजारणीला सांगे, “आणि नसलेल्या माणसांच्या काविळी वाचायला रोज बस पकडून जातात.”

ऑफिसात त्यांचं जमलं ते एका प्रोग्रामर मुलीशी. सव्वीस वर्षांची, मान मोडेपर्यंत काम करणारी. पेशंट पाडणारं सॉफ्टवेअर तिनेच उभं केलं होतं. तिची नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. काम पटलं तर कायम, नाहीतर नमस्कार. ती दशांशरावांना काका म्हणे आणि त्यांचे शेरे वहीत उतरवून घेई. एकतीस वर्षांत त्यांचं बोलणं कुणी उतरवून घेतलं नव्हतं.

एकदा तिने गठ्ठे वर्षावार लावून दिले. आठवड्याने ती खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी आली.

“काका, बाकीच्या वर्षांना तुम्ही शंभरात साठ-पासष्ट ‘असेल’ दिलेत. ही तीन वर्षं बघा. सत्त्याण्णव!”

“बरी माणसं आहेत गं या गठ्ठ्यातली,” दशांशराव म्हणाले. “वाचताना ओळखीची वाटतात. बाकीच्या वर्षांची सगळी परकी.”

मुलीचा चेहरा उजळला. ही बातमी मालकांपर्यंत पोचायला दहा मिनिटं लागली. मालक चौतीस वर्षांचे. त्यांच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात डेमो येई, म्हणून त्यांच्या माघारी त्यांना डेमोसाहेब म्हणत. समोरही एकदा कुणीतरी चुकून म्हणालं. त्यांना ते आवडलं. येत्या गुरुवारी दुसऱ्याच एका मोठ्या इस्पितळाची खरेदी समिती यायची होती. डेमोसाहेबांनी त्या तीन वर्षांचे आलेख मागवले आणि एका आलेखावर बोट ठेवून ते उभेच राहिले.

“हे काय आहे?”

“सरासरी वजन, साहेब. महिन्यावार,” मुलगी म्हणाली.

“नोव्हेंबरात वर जातंय. फेब्रुवारीपर्यंत तीन किलो. मार्चमध्ये धप्पकन खाली. कळतंय का तुम्हाला? हिवाळ्यात शहर जाड होतं! हे आजवर कुणाला दिसलं नव्हतं. डेमोची पहिली स्लाइड हीच.”

“आधी तपासू द्या ना. बाकीच्या नऊ वर्षांत असं काहीच नाहीये.”

“तपास की. गुरुवारपर्यंत तपासच तपास.”

तिने तपासलं, आणि सोमवारी दुपारी तिला जे सापडलं ते हिवाळ्याबद्दल नव्हतं. ती काचेच्या खोलीत गेली. दार उघडं होतं. दशांशराव बाहेर मशीनमधून चहा घेत होते.

“साहेब, त्या तीन वर्षांतली अकरा हजार वजनं काढली मी. एकही पूर्ण किलोत नाही. पॉइंट दोन नाही, पॉइंट पाच नाही, पॉइंट नऊ नाही. सगळी पॉइंट चार, नाहीतर पॉइंट सात.”

“मग?”

“मग असं खऱ्या जगात होत नाही. खोटे आकडे पकडायचे असले की सगळ्यात आधी शेवटचा आकडा बघतात. समितीतला माणूस पहिल्या पाच मिनिटांत बघेल.”

“म्हणजे मॉडेल बिघडलंय.”

“मी कोड दोनदा वाचला. मला चूक दिसत नाही.”

“दिसत नाही म्हणजे नाही असं नाही. मूळ नोंदी आपल्याकडे नाहीत, तेव्हा दोष इस्पितळाचा असं मी समितीला कुठल्या तोंडाने सांगू? मॉडेल तुझं, बिघाड तुझा. गुरुवारी डेमो, शुक्रवारी तुझे सहा महिने संपतायत. पुढचं तूच समजून घे.”

मुलगी बाहेर आली आणि पुन्हा कोड वाचायला बसली, तिसऱ्यांदा.

दशांशराव चहा हातात घेऊन टेबलाशी परतले. त्या दिवशीच्या गठ्ठ्यातला वरचा कागद त्यांनी पाहिला. पुरुष, वय ५२, छातीत जळजळ, वजन ७१.४. खालचा पाहिला. स्त्री, वय ३८, चक्कर, वजन ५८.७. तिसरा पाहायची गरज नव्हती. अक्षर छापील होतं, पण हात त्यांचाच होता.

झालं होतं ते असं. खिडकीशेजारचा वजनकाटा एका पावसाळ्यात गंजून बसला. कुणीही उभं राहिलं तरी चव्वेचाळीस दाखवी. दशांशरावांनी नव्या काट्याचा अर्ज केला. उत्तर आलं नाही. दुसरा केला; पहिल्या अर्जाची प्रत जोडा, असं उत्तर आलं. असे अकरा अर्ज झाले. दरम्यान वजनाचा रकाना कोरा ठेवला की केसपेपर परत खिडकीवर येई आणि त्याच्यामागोमाग पेशंटही येई, चिडलेला. चौथ्या दिवशी दशांशरावांनी समोरच्या माणसाकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि लिहिलं: ६६.४.

कुणी काही म्हटलं नाही. मग तीन वर्षं कुणीच काही म्हटलं नाही.

त्यांनी हे काम मन लावून केलं, हे सांगायला हवं. नुसतं ६६ लिहिलं तर अंदाज वाटतो. ६६.५ लिहिलं तर आळस वाटतो. पॉइंट नऊ दुकानदार लिहितात. पॉइंट चार आणि पॉइंट सात पाहून मात्र कुणाच्या मनात शंका येत नाही, असा त्यांचा अनुभव. खिडकी लहान, माणूस छातीपासून वर दिसे. खालचं ते मनाने जोडून घेत. बायका खिडकीत वाकून म्हणत, “दोन कमी लिहा ना हो भाऊ,” आणि ते कमी लिहीत. त्यांना दशांशराव हे नाव मिळालं ते याच काळात, काटा बंद असताना. चौथ्या वर्षी नवा काटा आला. पहिल्या पेशंटला नजरेने ते ७८.७ म्हणाले आणि काट्याने ८३ दाखवलं, तेव्हा काटा आल्या आल्या बिघडला अशी तक्रार त्यांनी लिहायला घेतली होती.

म्हणजे कंपनीने बनवलेल्या सॉफ्टवेअरच्या कितीतरी वर्षं आधी, एका खिडकीमागे, एकटा माणूस बॉलपेनने तेच काम करत होता. त्याची माणसं ओळखीची वाटली यात नवल नव्हतं. कुंपणाला शेत राखायला बसवलं होतं, आणि कुंपणानेच शेताला शंभरात सत्त्याण्णव दिले होते.

मंगळवारी ते ऑफिसात गेले, चाळीस कागद वाचले आणि एकाखालीही काही लिहिलं नाही. मुलीने डबा उघडलाच नाही. संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

“मला काय नवीन सांगता,” बायको म्हणाली. “तीन वर्षं रोज संध्याकाळी काट्याच्या नावाने बोटं मोडायचात. मग काट्याशिवाय वजनं कुठून येत होती? आकाशातून?”

“तुला कळलं होतं? मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही अंदाज करता हे मला लग्नापासून माहीत आहे. माझं वजन किती?”

दशांशरावांनी डोळे बारीक केले. “बासष्ट पॉइंट चार.”

“एकोणसत्तर. बासष्टच्या पुढे कधी नेलं नाहीत, म्हणून मीही गप्प राहिले. पोरीला उद्या सांगून टाका.”

“अगं, ते प्रमाणपत्र आहे भिंतीवर. अचूक नोंदींबद्दल. लोक काय म्हणतील?”

“ते मी तिथे लावलंय कारण त्यामागे भिंतीला ओल आली आहे. वाढू का अजून?”

“डॉक्टर त्या वजनावर औषधं देत होते गं,” दशांशराव हळूच म्हणाले. ताटाकडे बघत राहिले. “मुलांचं नाही. मुलांचा काटा त्यांच्या वॉर्डात वेगळा होता, तो चालू होता. पण मोठ्यांचं…”

बायकोने यावर थट्टा केली नाही. “मग तेही सांगा,” ती म्हणाली. “पण आधी तिची नोकरी वाचेल ते सांगा. बाकीचं त्यानंतर.”

बुधवारी अकरा वाजता दशांशराव काचेच्या खोलीचं दार वाजवून आत गेले. आत डेमोसाहेब आणि मुलगी दोघं होती. मुलगी चौथ्यांदा कोड दाखवत होती.

“मॉडेल बिघडलेलं नाही,” दशांशराव म्हणाले. “मी बिघडवलंय.”

“तुम्ही संगणकाला कधी हात लावलात?” डेमोसाहेबांनी विचारलं.

“संगणकाला नाही. वजनांना.” आणि त्यांनी उभ्याउभ्याच काटा, अकरा अर्ज, खिडकी, पॉइंट चार, पॉइंट सात हे सगळं सांगितलं. हिवाळ्याचंही सांगितलं. “थंडीत लोक स्वेटर घालून यायचे. वर शाल. मला माणूस जाड दिसायचा, मी तीन किलो जास्त लिहायचो. शहर जाड होत नव्हतं साहेब, कपडे जाड होते.”

मुलीने लॅपटॉप मिटला. डेमोसाहेब मात्र हसले.

“काका, तुमचं मन मोठं आहे. हिला वाचवायला बोलताय. पण कुठल्या इस्पितळाच्या नोंदी आहेत हे तुम्हाला ठाऊक नाही. करारात गुप्त आहे.”

“करारात असेल. माझा हात मला ओळखू येतो.”

“पुरावा काय?”

इथे दशांशरावांची पंचाईत झाली. एकतीस वर्षं लोकांनी त्यांच्या खऱ्याखोट्या कुठल्याच शब्दाला पुरावा मागितला नव्हता. मुलगी उठली.

“पुरावा इथेच बसलाय की,” ती म्हणाली. “काका, बाहेर काउंटरमागे बसा.”

काउंटरमागच्या खुर्चीत बसलं की समोरचा माणूस छातीपासून वर दिसतो. मुलगी कागद-पेन घेऊन शेजारी उभी राहिली आणि एकेकाला पुढे बोलावलं. पहिली आली हिशोबनीस, जाड जाकीट घालून. एसीचा वारा थेट तिच्या टेबलावर येई.

“चौसष्ट पॉइंट सात,” दशांशराव म्हणाले.

“ओ! सभ्यपणे!” हिशोबनीस म्हणाली.

“पुढे,” मुलगी म्हणाली.

“सत्तर पॉइंट चार… त्रेपन्न पॉइंट सात… तू जरा सरळ उभा राहा रे, एक्क्याऐंशी पॉइंट चार.” पाचव्या माणसाला त्यांच्याच लक्षात आलं. सहाव्यापाशी ते मुद्दाम थांबले. कपाळावर आठी आली. “अडुसष्ट पॉइंट… पॉइंट…” त्यांनी पॉइंट दोन म्हणायचा प्रयत्न केला. ओठ हलले, आकडा येईना. “पॉइंट सात,” ते शेवटी म्हणाले आणि रुमालाने मान पुसली.

आठव्या माणसानंतर हिशोबनीस जाकीट काढून पुन्हा रांगेत आली होती. दशांशरावांनी मान वर करून पाहिलं. “एकसष्ट पॉइंट सात.”

“बरोब्बर तीन किलो,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात दोन दिवसांनी पहिल्यांदा जीव आला होता. “साहेब, तुमचा हिवाळा.”

“माझं सांगा,” डेमोसाहेब पुढे होऊन म्हणाले.

“अठ्ठ्याहत्तर पॉइंट चार.”

“झालं! चौऱ्याहत्तर आहे मी. चुकलात.”

तळमजल्यावरच्या कुरियरवाल्याकडून पार्सलचा काटा वर आणवला. डेमोसाहेब बूट काढून, खिशातला फोन काढून, श्वास रोखून त्यावर चढले. काट्याने शांतपणे ब्याऐंशी दाखवलं.

“काटा बिघडलाय,” डेमोसाहेब म्हणाले.

“मीही असंच म्हणालो होतो,” दशांशराव म्हणाले.

यावर हिशोबनीस इतकी हसली की तिला बसवावं लागलं. डेमोसाहेबांनी बूट चढवले, नाड्या दोनदा बांधल्या आणि खोलीत गेले. थोड्या वेळाने त्यांनी मुलीला हाक मारली. तीन वर्षं डेमोतून काढायची, हिवाळ्याची स्लाइड काढायची, उरलेल्या नऊ वर्षांवर काम भागवायचं. ती हो म्हणून वळली तेव्हा ते म्हणाले, “आणि ते मॉडेल बिघडलं म्हणालो होतो ना मी. तसं नव्हतं.” एवढ्यावर त्यांची माफी मागून झाली.

दशांशरावांना त्यांनी वेगळं बोलावलं. “काका, तुमच्या ‘असेल’वर आता मी कसा विश्वास ठेवू?”

“ठेवू नका,” दशांशराव म्हणाले. “आणि आणखी एक. त्या इस्पितळाला मी पत्र लिहितोय. तीन वर्षांची वजनं खरी नाहीत म्हणून. तुमच्या कानावर असू दे.”

“पण ते गुप्त…”

“तुमचं गुप्त. माझ्या नोकरीचा पत्ता मला पाठ आहे.”

गुरुवारी समिती आली. समितीतल्या चष्मेवाल्या बाईंनी पाच मिनिटंही घेतली नाहीत. दुसऱ्याच मिनिटाला विचारलं, मधली तीन वर्षं कुठे आहेत? डेमोसाहेब घसा खाकरू लागले. मुलगी म्हणाली, “काटा बंद होता. वजनं नजरेने लिहिली होती. आम्हाला कळलं, म्हणून काढली.”

बाईंनी पेन काढलं. “कसं कळलं?”

“लिहिणारा माणूस आमच्याकडेच कामाला आहे.”

“आमच्याकडेही असतील असे,” बाई म्हणाल्या, “पण ते सांगत नाहीत.” मग त्यांनी डेमोसाहेबांना सांगितलं, की खरेदीचं नंतर बघू, आधी बाकीच्या रकान्यांमधलं काय मोजलेलं आणि काय मनाने भरलेलं, याची यादी द्या. ती यादी मिळाली तर पुढे बोलता येईल.

शुक्रवारी मुलीला कायम केल्याचं पत्र मिळालं. त्यातच पहिलं काम लिहिलं होतं: यादी. दशांशराव टेबल आवरायला लागले होते. पेन्सिली त्यांनी स्वतःच्या आणल्या होत्या. मुलीने त्यांच्यासमोर कागद ठेवला. वर बारा वर्षं, डाव्या बाजूला सगळे रकाने.

“बसा काका. उंची?”

“उंची खरी आहे. दारावर पट्टी रंगवलेली होती.”

“श्वासाचा वेग? बारा वर्षं, प्रत्येक माणूस, मिनिटाला अठरा. तापातला अठरा, दमेकरी अठरा, झोपलेला अठरा.”

दशांशरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ते माझ्याकडे नव्हतं. ते आतल्या सिस्टरांकडे.”

“हो ना. मग सिस्टर मोजत होत्या की नव्हत्या?”

“हे बघ पोरी. माझं मी सांगितलं. पण त्या सिस्टर अजून नोकरीत आहेत. एकेकीकडे साठ साठ पेशंट असायचे. नोकरीत असलेल्या माणसाबद्दल माझ्या तोंडून शब्द निघणार नाही.”

“मी नाव विचारतच नाहीये.”

“नाव न विचारता सगळं कळतं, हे तूच मला दाखवलंस परवा.”

मुलीने पेन खाली ठेवलं. रकाने वरपासून पुन्हा वाचले. मग तिने पेन पुन्हा उचललं.

“बरं. या यादीतले रकाने भरणारं कोण कोण निवृत्त झालंय, तेवढं सांगा.”

दशांशराव खुर्चीत बसले. कागद त्यांनी आपल्याकडे ओढला आणि वरपासून एकेक ओळ बोटाने खाली आणत गेले. पाचव्या ओळीवर बोट थांबलं.

“नाडी,” ते म्हणाले. “नाडी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. लिही.”